राजदूतबाईंचे यजमान

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष तिने कसंबसं काढलं. पुस्तकांची कपाटं लावून झाली, जुने फोटो निवडून झाले, बाल्कनीतल्या कुंड्यांना तिने इतक्या मायेने पाणी घातलं की त्यातली दोन झाडं कुजली. जन्मभर जिच्या दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे दुसरं कुणीतरी पाडून देत होतं, तिला सकाळी उठल्यावर समोर अख्खा दिवस पसरलेला बघून धडकी भरायची. त्यामुळे जहाजदुरुस्तीच्या त्या कंपनीच्या अध्यक्षांचा फोन आला तेव्हा ‘विचार करून सांगते’ असं ती म्हणाली खरी, पण फोन खाली ठेवायच्या आतच तिचा विचार करून झाला होता.

कंपनीची एक गोदी परदेशात होती, आणि नेमक्या त्याच देशात तिने राजदूत म्हणून शेवटची चार वर्षं काढली होती. गोदी तोट्यात चालली होती. अध्यक्षांना तिथली भाषा येणारं, तिथल्या सरकारी खात्यांची नस ठाऊक असलेलं माणूस हवं होतं. दोन वर्षांचा करार, हुद्दा गोदीप्रमुखाचा.

ती तशीच जिना उतरून खाली गेली. घराच्या खालच्या मजल्यावर पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याने दातांचा दवाखाना थाटला होता. दुपारची वेळ होती, रोगी कुणी नव्हता, आणि तो खुर्चीशेजारचं बेसिन घासत होता. लग्नाआधीपासून ती त्याला ‘डॉक्टर’च म्हणत आली होती.

“डॉक्टर, बॅगा काढ माळ्यावरून,” ती दारातूनच म्हणाली. “पुन्हा निघायचंय.”

तिने सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरने शांतपणे ऐकून घेतलं. हात धुतले, एकेक बोट पुसलं, टॉवेल घडी करून ठेवला.

“फार चांगलं झालं,” तो म्हणाला. “तू जा. मी येणार नाही.”

ती हसली. तिला वाटलं, नेहमीची थट्टा चाललीय. पण डॉक्टर हसत नव्हता.

त्यांची ओळखच मुळी अक्कलदाढेवरून झाली होती. ती तेव्हा व्यापार खात्यात नवीन लागलेली अधिकारी, आणि तो दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर दवाखाना उघडलेला तरुण दंतवैद्य. दाढ काढावी लागेल म्हटल्यावर तिने तोंडात आरसा असतानाच हुज्जत घालायला सुरुवात केली. दाढेची बाजू तिने इतकी जोरकस मांडली की शेवटी डॉक्टरने हात टेकले आणि दाढ ठेवली. पुढे वर्षभरात लग्न झालं. ती दाढ अजून तिच्या तोंडात होती.

मग तिची व्यापार खात्यातून परराष्ट्र खात्यात निवड झाली. पहिल्या नेमणुकीच्या वेळी दवाखाना जोरात चालत होता. डॉक्टरने तो आपल्या मित्राच्या हवाली केला आणि तीन बॅगा, एक तान्ही मुलगी असं सगळं घेऊन तो तिच्या मागोमाग निघाला. तिथल्या वकिलातीत बायका म्हणजे टायपिस्ट नाहीतर कुणाची तरी बायको. पहिल्याच बैठकीत एका पाहुण्याने तिच्या हातात आपला ओव्हरकोट दिला. तिने तो शांतपणे खुंटीला अडकवला, येऊन टेबलाच्या मुख्य खुर्चीत बसली आणि म्हणाली, “आता सुरुवात करू या.” तो पाहुणा पुढची सगळी बैठक कागदातून मान वर काढायला तयार नव्हता.

तिचं बस्तान बसलं, पण डॉक्टरचं काय करायचं हे कुठल्याच देशाला कळत नव्हतं. परिषदांमध्ये सभासद चर्चेला बसले की त्यांच्या बायकांसाठी वेगळा कार्यक्रम असायचा: पुष्परचना, चिनीमातीच्या भांड्यांचं प्रदर्शन, बागेत चहा. राजदूतांचे यजमान म्हणून डॉक्टरलाही त्याच गाडीत बसवायचे. पंचवीस बायका आणि हा एक उंच, टकलाकडे झुकलेला माणूस. दुसरा एखादा वैतागून घरी बसला असता. हा रमला. सगळ्या बायका त्याला आपल्या मुलांचे वाकडे दात दाखवायच्या, आणि तो पुष्परचना करता करता सल्ला द्यायचा.

त्याची एक गोष्ट तर खात्यात अजून सांगतात. शेजारच्या देशाशी नदीच्या पाण्याचा करार व्हायचा होता. बोलणी ऐन मोक्यावर आली आणि समोरच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखाचा गाल सुजून भोपळ्यासारखा झाला. सुट्टीचा दिवस, एकही दंतवैद्य मिळेना. डॉक्टरने आपली पेटी काढली, हॉटेलच्या खोलीत दिव्याखाली त्या गृहस्थांना बसवलं आणि तासाभरात मोकळं केलं. तो परत आला तेव्हा ती जागीच होती.

“काही बोलले का?” तिने शक्य तितक्या सहजपणे विचारलं. “पाण्याबद्दल वगैरे?”

“माझ्यासमोर लोक तोंड उघडतात,” डॉक्टर म्हणाला, “पण बोलता कुठे येतं त्यांना?” आणि कूस बदलून झोपला. करार झाला. त्या रात्री काय बोलणं झालं, हे त्याने तिला कधीही सांगितलं नाही.

असा हा माणूस आता ‘येणार नाही’ म्हणत होता.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने विषय पुन्हा काढला. तिची पद्धत ठरलेली होती. आधी दोघांना मान्य असलेल्या गोष्टी, मग एकेक अडचण, प्रत्येक अडचणीवर दोन पर्याय. दवाखाना दोन वर्षं भाड्याने देता येईल. किंवा तिथेच एखादी खुर्ची मिळते का बघू. मुलगी इथे जवळच आहे, घराकडे लक्ष देईल. डॉक्टर ताटातल्या भाताची शितं गोळा करत ऐकत होता.

“झालं?” त्याने विचारलं.

“तुझं म्हणणं काय ते तरी सांग.”

“माझं म्हणणं मी दुपारीच सांगितलं. आणि हे बघ, माझ्याशी अशा वाटाघाटी करू नकोस. मी समोरचं शिष्टमंडळ नाही.”

“इतक्या वर्षांत कधी नाही म्हणाला नाहीस!”

“नव्हतो म्हणालो,” डॉक्टर म्हणाला. “म्हणूनच आता म्हणतोय. साठी उलटल्यावर मला माझी खुर्ची मिळालीय. गल्लीतले लोक मला ओळखायला लागलेत. तू नसताना त्यांना मी कोण आहे ते माहीत असतं. तुला नाही कळायचं ते.”

तिला फार राग आला. रागापेक्षाही, आपल्याला राग येतोय याचा जास्त राग आला. तिने मुलीला फोन लावला. मुलगी पाच देशांतल्या पाच शाळांमधून शिकलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखं बोलण्यात आईच्याही वरताण.

“आई, तू जायलाच हवंस,” ती म्हणाली. “आणि बाबांनी राहायलाच हवं.”

“हे काय उत्तर झालं?”

“मग? तू बाबांना कधी विचारलं होतंस का, येतोस का म्हणून?”

“दर वेळी विचारलंय!”

“बरं,” मुलगी म्हणाली. तिच्या त्या ‘बरं’मध्ये एवढं काही होतं की आईने फोन बंद केला.

ती एकटीच गेली. विमानतळावर डॉक्टरने तिची बॅग ढकलून दिली आणि “पाणी पीत जा” एवढंच म्हणाला.

कंपनीने दिलेली जागा ऐसपैस होती. पहिल्याच सकाळी तिच्या लक्षात आलं की कपडे धुण्याचं यंत्र कसं चालू करतात हे तिला माहीत नाही. तीन खंडांत, सात घरांत हे काम डॉक्टरनेच केलं होतं. यंत्राच्या बटणांकडे ती बराच वेळ बघत राहिली, आणि मग ब्लाऊज बेसिनमध्ये हाताने धुतला.

गोदीत मात्र पहिल्या दिवसापासून तिला बरं वाटलं. तेलाचा आणि गंजाचा वास, वेल्डिंगच्या ठिणग्या, कोरड्या हौदात उभं असलेलं अवाढव्य जहाज आणि त्याच्या पोटाखाली मुंग्यांसारखी हिंडणारी माणसं. अध्यक्षांचा हुकूम सोपा होता: वर्षअखेरपर्यंत एक तृतीयांश कामगार कमी करा. तिने सहा महिने मागून घेतले.

“तुम्ही आता सरकारात नाही, बाई,” अध्यक्ष फोनवर म्हणाले. “तिथे वेळ जनतेचा जातो. इथे माझा जातो.”

“म्हणूनच फक्त सहा मागितले,” ती म्हणाली.

कामगारांच्या वतीने बोलायला जी बाई आली ती मोठी क्रेन चालवायची. सगळे तिला क्रेनवालीच म्हणत. पन्नाशीची, खांद्याने रुंद, आवाज थेट आकाशातून खाली हाक मारायची सवय असलेला. शिरस्त्राण काढून तिने टेबलावर ठेवलं.

“आधीचे तीन साहेब याच खुर्चीत बसून म्हणाले होते, आपण सगळे एक कुटुंब आहोत,” क्रेनवाली म्हणाली. “दर वेळी त्यानंतर माणसं कमी झाली. तेव्हा ते वाक्य तेवढं म्हणू नका, मॅडम.”

“नाही म्हणणार,” ती म्हणाली. “मला माझं स्वतःचंच कुटुंब धड सांभाळता आलेलं नाही.”

असं काही बोलायचं तिच्या मनात अजिबात नव्हतं. सबंध कारकिर्दीत तिच्या तोंडून न ठरवलेलं वाक्य कधी निसटलं नव्हतं. क्रेनवाली मोठ्याने हसली. मग दोघींनी चहा मागवला.

दुखणं काय आहे हे शोधायला फार दिवस लागले नाहीत; गोदीत ते सगळ्यांनाच माहीत होतं. जहाज दुरुस्तीला आलं की लागणारा सुटा भाग परदेशातून मागवायचा. तो बंदरात यायचा आणि जकातीच्या कचेरीत आठवडेच्या आठवडे पडून राहायचा. तोवर जहाज हौद अडवून उभं, माणसं हातावर हात धरून बसलेली. जहाजांचे मालक कंटाळून दुसऱ्या गोद्यांकडे वळले होते. माणसं जास्त नव्हती, काम अडून पडत होतं.

“मग तुमच्या त्या मंत्र्यांना फोन करा ना,” अध्यक्ष म्हणाले. “ओळख आहे तुमची. त्यासाठीच तर आणलंय तुम्हाला.”

“फोन केला तर आज अडकलेलं एक जहाज सुटेल,” ती म्हणाली. “पुढच्या जहाजाला पुन्हा फोन. आणि मंत्री बदलले की फोन उचलणारंही कुणी नाही. मला नियमाने जाऊ द्या. नियमाने सुटलं तर सगळी सुटतील.”

अध्यक्षांना ते पटलं नाही, पण त्यांनी मोडताही घातला नाही. तिने रीतसर अर्ज केला: नेहमी लागणारे सुटे भाग आधीच आणून गोदीतल्या गोदामात सरकारी कुलपाखाली ठेवायचे, आणि लागतील तेव्हा जकात भरून काढायचे. मग सुरू झाल्या खेपा. एकेकाळी ज्या इमारतीत तिच्या गाडीचं दार उघडायला माणूस धावत यायचा, तिथेच ती आता बाकावर बसून आपला नंबर येण्याची वाट बघायची. जकात खात्यातल्या एका उपसचिवाने तिला ओळखलं आणि तो गडबडून उभा राहिला. “बसा हो,” ती म्हणाली, “मी आता गिऱ्हाईक आहे.” बाकावर बसल्या बसल्या तिला पहिल्यांदाच कळलं की आपण टेबलापलीकडे असताना लोकांना किती वेळ असं बसवून ठेवलं असेल.

याच दिवसांत एकदा ती गोदीच्या कँटीनमध्ये क्रेनवालीबरोबर जेवत होती. पावाचा कडक तुकडा चावताना काडकन आवाज झाला. खालची डावी दाढ मोडली होती. क्रेनवालीने तिला हाताला धरून फाटकासमोरच्या दवाखान्यात नेलं.

पस्तीस वर्षांत ती पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या खुर्चीत बसत होती. दंतवैद्य पोरगेलीशी मुलगी होती. तिने आरसा घालून सगळं तोंड तपासलं, आणि मध्येच थांबली.

“या दाढा कुणी भरल्यात?” तिने विचारलं. “एवढं निगुतीने कुणी करत नाही हो आता. एकेका दाढेला किती वेळ दिलाय!”

तोंड उघडं असल्यामुळे तिला उत्तर देता येईना. डोळ्यांतून मात्र पाणी घळाघळा वाहायला लागलं. “दुखतंय का?” म्हणत त्या मुलीने घाईघाईने भुलीची सुई उचलली, आणि ती मानेनेच नाही नाही म्हणत राहिली.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. अर्धा गाल अजून बधिर होता.

“दाढ मोडली,” ती म्हणाली.

“कुठली?”

“खालची डावी. शेवटून दुसरी.”

“ती होय. पाण्याच्या कराराच्या वेळी भरली होती. झोपेत करकर दात खायचीस तेव्हा.” मग त्याने विचारलं, “नीट केलं का तिथल्या माणसाने?”

“बाई होती. तुझं कौतुक करत होती.”

आता नेहमीप्रमाणे ‘ठेवते’ म्हणायची वेळ झाली होती. त्याऐवजी ती म्हणाली, “तुझ्याकडे आज कोण कोण आलं होतं?”

“खरंच विचारतेयस?”

“खरंच.”

मग डॉक्टर बोलायला लागला. एका शाळामास्तरणीचे पुढचे दोन दात पडले होते. तिला ‘स’ म्हणता येईना, मुलं हसायची, ती रजेवर गेली. त्याने तीनदा माप घेऊन दात बसवले. आज ती आली, खुर्चीत बसायलाही तयार नव्हती. दवाखान्याच्या मधोमध उभी राहून तिने पाठ्यपुस्तकातला अख्खा धडा मोठ्याने वाचून दाखवला. बाहेर बसलेल्या रोग्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर सांगत होता आणि ती ऐकत होती. त्याच्या आवाजात इतकं चैतन्य तिने कधी ऐकलं होतं हे तिला आठवेना.

“डॉक्टर,” ती शेवटी म्हणाली, “तुला कधी राग आला होता का रे? माझ्या मागे मागे हिंडताना?”

“यायचा की. दुसऱ्या नेमणुकीच्या वेळी तर फार आला होता.”

“मग बोलला का नाहीस? मी विचारलं होतं तुला.”

“तू विचारायचीस,” डॉक्टर म्हणाला, “तेव्हा तिकिटं आलेली असायची.”

त्याच्या बोलण्यात डंख नव्हता. त्यामुळेच ते तिला जास्त लागलं. “हो,” ती म्हणाली. “यायची.” सफाई देण्यासारखं पुष्कळ होतं तिच्याजवळ: खात्याची घाई, वरिष्ठांचा दबाव, बाई म्हणून एक नेमणूक नाकारली की पुढची येत नाही हे भय. ते सगळं खरंही होतं. पण त्या दिवशी तिने त्यातलं काहीच पुढे केलं नाही. त्यानंतर मात्र रोज फोन व्हायला लागला, आणि पहिला प्रश्न तिचा असायचा.

अध्यक्षांना थोपवून धरता धरता गोदामाची परवानगी मिळायला सहा महिन्यांपेक्षा जास्तच वेळ गेला. पण मिळाली. जहाजं वेळेवर सुटायला लागली आणि गेलेले मालक हळूहळू परतले. एक तृतीयांश माणसं काढायची वेळ आली नाही. मात्र रंगकामाचा विभाग चालवणं काही केल्या परवडत नव्हतं, तो बंद करावा लागला. तिथल्या बऱ्याच लोकांना तिने दुसऱ्या कामात सामावून घेतलं, सगळ्यांना नाही. क्रेनवालीची भावजय त्या विभागात होती. क्रेनवाली महिनाभर तिच्याशी कामापलीकडचा एक शब्द बोलली नाही. ती बरोबर होती, आणि आपणही चूक नव्हतो, असं तिला वाटायचं. दोन्हींचं एकदम करायचं काय हे मात्र कळायचं नाही. मग एक दिवस कँटीनमध्ये क्रेनवाली आपलं ताट घेऊन समोर येऊन बसली. “पाव मऊ आहे आज,” म्हणाली.

दोन वर्षं संपत आली तसा अध्यक्षांचा सूर बदलला. आणखी तीन वर्षं थांबा, म्हणाले. या वेळी तिने खरोखरच विचार करून सांगते म्हटलं, आणि कुठल्याही कागदावर सही नसताना घरी फोन केला.

“तुला काय वाटतं?” तिने विचारलं.

डॉक्टरने उलट विचारलं, “तुला राहायचंय का?”

“हो. थोडं. काम अर्धवट आहे.”

“तीन फार होतात,” तो म्हणाला. “मला एकट्याला जेवायचा कंटाळा येतो. एक वर्ष काढ. आणि दर दोन महिन्यांनी येऊन जा. मला रोगी सोडून निघता येणार नाही.”

तिने अध्यक्षांना एक वर्ष सांगितलं. त्यांनी पुष्कळ ताणून बघितलं, पण ताणाताणीत तिला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. त्या वर्षात ती ठरल्याप्रमाणे येत-जात राहिली. कोरड्या हौदाशेजारच्या कचेरीत तिने आपल्या हाताखालच्या एका अभियंत्याला तयार केलं, आणि गोदी त्याच्या स्वाधीन करून ती घरी परतली. क्रेनवालीने निरोपाला भाषण केलं नाही; क्रेनचा भोंगा तेवढा इतका वेळ वाजवत ठेवला की बंदराचे पहारेकरी काय झालं म्हणून धावत आले.

घरी येऊन चार महिने झाले असतील-नसतील, तोच मंत्रालयातून फोन आला. देशातल्या बंदरांचा कारभार सुधारण्यासाठी समिती नेमायची होती, आणि मंत्र्यांच्या मनात अध्यक्षपदासाठी तिचंच नाव होतं.

“उद्या सांगते,” ती म्हणाली. “घरी विचारते.”

पलीकडचा अवर सचिव नम्रपणे हसला. मोठी माणसं आढेवेढे घेतात ते असे, असं त्याला वाटलं असावं.

दुपारी शेवटचा रोगी गेल्यावर ती खाली दवाखान्यात गेली आणि रिकाम्या खुर्चीत बसली. सगळं सांगितलं. मग म्हणाली, “घेऊ का?”

“नको घेऊस,” डॉक्टर चटकन म्हणाला.

तिला वाटलं होतं, तो ‘घे ना’ म्हणेल. तिच्या कपाळाला आठी पडली. “का पण?”

“कारण समित्या कधी संपत नाहीत. आणि आपण समुद्राकाठी महिनाभर राहायचं ठरवलंय.”

“ते नंतरही जाता येईल.”

“हेच तू तीस वर्षं म्हणत आलीस.”

“अरे, पण हे काम मला येतं! जकातीच्या कचेरीतल्या बाकावर बसून शिकलेय मी ते!”

“येतं, हे मला माहीत आहे. तू विचारलंस, म्हणून मी माझं सांगितलं.”

“विचारलं याचा अर्थ ऐकेनच असं नाही,” ती म्हणाली.

“तेही माहीत आहे,” डॉक्टर म्हणाला, आणि हातमोजे काढून डब्यात टाकले. “चल वर. वरण गॅसवर आहे. भांडू या जेवता जेवता.”

ते भांडण तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी तिने मंत्रालयाला कळवलं की समिती घेईन, पण आठवड्यातले तीनच दिवस, आणि पहिली बैठक पुढच्या महिन्याच्या अखेरीस. त्याआधी आम्ही बाहेरगावी आहोत. अवर सचिव म्हणाला, मंत्रिमहोदयांना लवकर हवी होती. तिने त्याला सांगितलं, मंत्रिमहोदयांना विचारून बघा, ते ऐकतील. त्यांनी ऐकलं. डॉक्टरला तीन दिवसही जास्तच वाटत होते, आणि समुद्राकाठी जाताना गाडीत सबंध रस्ताभर तो तिला तेच ऐकवत होता.